साडूंचं बंदर

तुर्कस्तानातल्या इफेसस नावाच्या पडक्या शहरात सार्वजनिक संडास नेमका कुठं आहे, हे पावलं मोजून सांगू शकणारा अख्ख्या मराठवाड्यात एकच माणूस आहे आणि तो माझा थोरला साडू आहे. नुसता संडासच नाही. तिथलं दुमजली ग्रंथालय, बाजारचौक, हमामखाने, श्रीमंतांची डोंगरउतारावरची घरं आणि अर्धं नांदेड मावेल एवढं दगडी नाट्यगृह, सगळं त्यांना तोंडपाठ. अर्धं नांदेड हे माझं माप आहे. साडूंच्या समोर मी ते एकदा बोललो तेव्हा ते भाकरीचा तुकडा खाली ठेवून म्हणाले, "दोनानं भागा साडू. भागलं? आता परत दोनानं भागा. आता कुठं खऱ्याच्या शिवंला आलात तुमी." माझ्या बोलण्याला दोनानं भागायची सवय त्यांना आमच्या लग्नापासूनची. आणि गंमत अशी, की ज्या गावची गल्ली न् गल्ली या माणसाला ठाऊक, त्या गावाकडं त्यांनी कधी पाऊल टाकलेलं नाही. पश्चिमेला त्यांची मजल लातूरपर्यंत, तीही दात काढायला गेले तेव्हा.

साडू नोकरीला सरकारी मोजणीदार होते. कंधार आणि अहमदपूरच्या मधल्या पट्ट्यात असा एक बांध नसेल, की ज्यावरून दोन भाऊ भांडले नाहीत आणि जिथं साडूंनी टेप धरला नाही. कुऱ्हाडी घेऊन आलेली माणसं त्यांनी मोजणी संपेस्तोवर उन्हात उभी केली आणि शेवटी 'दोघांचंबी चूक हाय, बांध अजून तिसऱ्याच्या रानात हाय' असं सांगून तिघांनाही घरी पाठवलं. ही सवय अंगात इतकी मुरली, की डोळ्यांना नुसतं बघणं जमेना, मोजणंच जमायचं. माझ्या लग्नात सगळे अक्षता टाकत होते आणि हे मांडवाचा खांब न्याहाळत होते. मंगलाष्टकं संपल्याबरोबर माझ्या कानाशी येऊन त्यांनी मला पहिलं वाक्य ऐकवलं. "मांडव सहा इंच उत्तरेला सरकलाय. आन् मध्यस्थानं तुमाला पाच फूट सात सांगितलं व्हतं. तुमी पाच-पाच भरता." गळ्यात हार, शेजारी नवी बायको आणि माझी उंची भर मांडवात दोन इंचांनी उतरलेली. तेव्हाच मी ठरवलं, की या माणसासमोर आयुष्यभर सगळं दुप्पट करून सांगायचं. म्हणजे त्यानं भागलं तरी आपलं काही जात नाही.

इफेसस त्यांना सापडलं ते नांदेडात, रद्दीच्या दुकानात. बसला वेळ होता, लेकीला शाळेसाठी नकाशावही पाहिजे होती म्हणून ते आत शिरले आणि एक जाडजूड, पाठ फाटलेलं इंग्रजी पुस्तक घेऊन बाहेर आले. पुस्तक जुन्या शहरांविषयी होतं आणि त्याच्या पोटात घडी घातलेला एक नकाशा होता. माणसं एखाद्या बाईच्या डोळ्यांवर भाळतात, साडू त्या नकाशाच्या कोपऱ्यातल्या मोजपट्टीवर भाळले. महिनाभर रोज ऑफिसातनं आले, की पाय धुवायचे, चहा घ्यायचा आणि पट्टी घेऊन बसायचं. एका रविवारी मी सहज गेलो तर माझ्यापुढं नकाशा ढकलून म्हणाले, "ह्ये बघा. नाट्यगृहाची पूर्व हद्द दीड मीटरनं चुकलीय. लंडनला बसून नकाशा काढला की असंच व्हतंय." मी म्हणालो, दोन हजार वर्षांपूर्वीच्या गावात दीड मीटरनं कोणाचं काय अडलंय? त्यांनी माझ्याकडं अशा नजरेनं बघितलं, की मी मुकाट्यानं शेंगा सोलायला लागलो.

मग नकाशाची मोजदाद करता करता शहरच घरात राहायला आलं. इंग्रजी शब्दकोश आणला. दहावीनंतर इंग्रजीशी ज्यांचा संबंध फक्त शिक्क्यापुरता होता, ते साडू 'संगमरवरी रस्ता', 'कारंजं', 'स्तंभ' असले शब्द वहीत उतरवायला लागले. बोलण्यात ते गाव असं यायचं, जणू कंधारच्या अलीकडंच दोन थांब्यांवर आहे. अक्का, म्हणजे माझी थोरली मेहुणी, भांडी घासता घासता म्हणायची, "आमच्याकडं दोन गावची खबर असती. एक ह्ये गाव आन् एक ते. त्या गावात निदान कुणी मरत तरी न्हाई नव्यानं."

निवृत्तीनंतर तर त्यांनी कहरच केला. त्यांचं सहा एकर रान आहे, गावतळ्याच्या वरच्या अंगाला. तूर, हरभरा निघाला, रान मोकळं झालं, की पहिला पाऊस येईपर्यंतच्या दोन महिन्यांत ते त्या रानात फक्कीनं इफेसस काढायला लागले. कबड्डीचं मैदान आखायची ती पांढरी चुन्याची फक्की. प्रमाण एकास दहा, म्हणजे तिथले दहा मीटर म्हणजे आमच्याकडचा एक. उन्हाळ्यात रानाशेजारच्या रस्त्यानं एसटीनं जाणाऱ्याला काळ्या मातीत पांढऱ्या रेघांचं अख्खं शहर दिसायचं आणि कंडक्टर न विचारता माहिती द्यायचा, "मोजणीदाराचं रान. डोकं जरा गरम हाय." एकदा मी बांधावर बसलो होतो. शेजारचे एक म्हातारेबुवा बैल घेऊन आडवाटेनं रानातून निघाले. साडू छत्री उगारून धावले. "ओ आबा! लोकांच्या घरातनं कुठं चालले तुमी बैल घेऊन? माणसं ऱ्हातात तिथं! रस्त्यानं जा, ह्यो काय संगमरवरी रस्ता काढून ठेवलाय!" म्हातारेबुवांनी खाली बघितलं, चपला काढल्या, हातात घेतल्या आणि बैलासकट त्या रेघांमधनं, एकदा डावीकडं आणि एकदा उजवीकडं वळत, ग्रंथालयाला वळसा घालून पलीकडं गेले. बैल मात्र ग्रंथालयाच्या दारात थांबला आणि त्यानं तिथं जे करायचं ते केलं. साडूंनी टेप काढला, अंतर मोजलं, दहानं गुणलं आणि हळहळले. "साठ पावलांवर सोय हाय. थोडा दम काढला असता तर."

आता हे सगळं ऐकून कोणालाही वाटेल, की हा निव्वळ छंद. मलाही तसंच वाटत होतं. पण त्या नकाशात साडूंना एक गोष्ट पहिल्या दिवसापासून खुपत होती. नाट्यगृहापासून पश्चिमेला एक सरळसोट रुंद संगमरवरी रस्ता निघतो आणि बंदरात जाऊन संपतो. बंदर ठळक लिहिलेलं. पण समुद्र कुठं? समुद्र नकाशातच नाही. साडूंनी दोन वर्षं मोजणीची चूक शोधली. मग पुस्तकाच्या शेवटच्या प्रकरणात त्यांना उत्तर मिळालं, तेव्हा ते जेवले नाहीत, असं अक्का सांगते. झालं होतं असं, की तिथली नदी गाळ आणायची. बंदर भरत चाललं. लोकांनी गाळ काढला, परत भरला, परत काढला. मग पुढं कधीतरी काढायचे कंटाळले. समुद्र आपला एकेक पाऊल मागं सरकत पाच-सहा किलोमीटर दूर निघून गेला, आणि त्याच्या मागोमाग माणसं गेली. एवढं मोठं शहर तलवारीनं मेलं नाही, गाळानं मेलं.

"साडू," ते मला म्हणाले, "इकडं या." रानाच्या पश्चिमेच्या बांधावर नेलं. खाली गावतळं. त्यांच्या लहानपणी पाणी या बांधाला लागायचं, म्हशी इथून उतरायच्या. आता बांधापासून दोनशे पावलं नुसता भेगाळलेला गाळ, त्यावर बेशरमाची झाडं आणि लांब कुठंतरी चहाच्या बशीत उरावा तसा पाण्याचा तुकडा. गावच्या निम्म्या विहिरी या तळ्याच्या जिवावर. "मी मोजून ऱ्हायलोय," साडू म्हणाले. "दर साली पाच-सात पावलं मागं सरतंय. टँकर यायला लागला तवा लोकं म्हणाले, पाऊस कमी झाला. पाऊस तेवढाच हाय. भांडं भरलंय." मग खाली बसून मातीचं ढेकूळ बोटानं फोडत म्हणाले, "तिथंबी कुणीतरी मोजत असंल हो. सांगत असंल. कुणी ऐकलं नसंल." त्यांनी रानात शहर आखलं होतं ते कसं, हे मला त्या दिवशी कळलं. संगमरवरी रस्त्याचं तोंड त्यांनी बरोबर तळ्याकडं केलं होतं.

तेव्हापासून साडू दर ग्रामसभेत गाळ काढायचा विषय मांडायला लागले. आणि इथंच घोटाळा झाला, कारण त्यांना सरळ बोलता यायचं नाही. सुरुवात इफेससपासूनच. सरपंच घड्याळ बघतायत, बाया रेशनचं कधी निघतंय म्हणून बसल्यात आणि साडू सांगतायत, की हमामखान्याला पाणी कुठून यायचं. एका सभेत पाऊण तास (मी दीड सांगतो) बोलून झाल्यावर लोकांनी सुटकेच्या आनंदात हात वर केले. "मंजूर! मंजूर!" ग्रामसेवक भले गृहस्थ, पण जेवणानंतरची सभा. अर्धवट मिटल्या डोळ्यांनी कानावर जे पडलं ते त्यांनी प्रोसिडिंग बुकात सुवाच्य अक्षरात उतरवलं, 'इफेसस येथील बंदरात साचलेला गाळ काढण्यास ही सभा सर्वानुमते मंजुरी देत आहे.' सूचक साडू, अनुमोदक ते बैलवाले आबा. खाली सह्या, अंगठे, गोल शिक्का. ठराव तालुक्याला गेला. कोणी वाचला असता तर तिथंच थांबला असता, पण ठरावाला पाय असतात, तो या टेबलावरून त्या टेबलावर चालत राहिला आणि चार महिन्यांनी लाल शाईच्या शेऱ्यासकट परत आला, 'सदर बंदर आपल्या ग्रामपंचायतीच्या हद्दीत येते काय, याचा सात-बारा उताऱ्यासह खुलासा करावा.'

गाव आठ दिवस हसलं. मी नायगावला माझ्या बी-बियाण्याच्या दुकानात बसून प्रत्येक गिऱ्हाईकाला तो शेरा वाचून दाखवला, दोन-तीन शेरे पदरचेही घातले. पण त्या हसण्यात उन्हाळा निघून गेला. गाळ काढायची मशीनं शेजारच्या गावाला गेली, आणि आमच्या साडूंच्या गावात त्या साली होळीलाच टँकर लागला. टँकरच्या रांगेत लोक त्यांना 'काय बंदरवाले, जहाज कधी येणार?' म्हणायचे. ते रांगेतल्या घागरी मोजायचे. मला पहिल्यांदाच वाटलं, की आपण तो शेरा जरा कमी वेळा वाचायला पाहिजे होता.

पुढच्या ग्रामसभेत साडू उभे राहिले तेव्हा लोकांनी पाय पसरून बसायची तयारी केली होती. साडू म्हणाले, "आपल्या गावतळ्यातला गाळ काढावा. गाळ ज्यानं त्यानं आपल्या रानात न्यावा. मी मोजून देतो." आणि खाली बसले. तीन वाक्यं! इफेससचं नावसुद्धा नाही. सरपंचांनी घाबरून विचारलं, "तब्येत बरी हाय ना मोजणीदार?" ग्रामसेवकांनी ठराव लिहिला, साडूंनी तो चष्मा लावून तीनदा वाचला आणि मग सही केली. मंजुरी मिळाली, पण मशीन कधी येणार ते कोणीच सांगेना.

दरम्यान त्यांच्या पुण्यातल्या लेकीनं एक बेत रचला. बापाचा जन्म फक्कीत चाललाय, त्याला खरं गाव दाखवायचं. तुर्कस्तानची आठ दिवसांची सहल, मे महिन्यात. साडू आणि अक्का, सोबतीला मी आणि माझी बायको. साडूंनी पासपोर्टवरचा आपला फोटो बघून 'कान दोन मिलिमीटर वरखाली हायत' एवढंच म्हटलं. त्यांनी दोन महिने रोज रानाच्या बांधावरून चालायचा सराव केला, नाट्यगृहाच्या पायऱ्या चढता याव्यात म्हणून. वहीत पंचेचाळीस मुद्दे काढले, काय काय मोजायचं त्याचे. पहिला मुद्दा, पूर्व हद्द.

निघायला दोन दिवस होते आणि मशीन आलं. दहा दिवसांसाठी. त्यानंतर पुढच्या गावाला जाणार होतं. मी ऐकलं तसा गाडी काढून गेलो. साडू ओसरीवर बसले होते, एका मांडीवर पासपोर्ट आणि दुसरीवर फक्कीची पिशवी.

मी म्हणालो, "साडू, मशीनवाल्याला डोळे आहेत. काढेल तो गाळ. तुम्ही चला."

"त्याला डोळे हायत, पण माप न्हाई," ते म्हणाले. "गाळ कुठं संपतो ते खड्डं घेऊन, फक्की मारून दाखवावं लागतं. लोक हावरे. काळी माती दिसली की खोलच खोल जातेत. खालचा थर एकदा फोडला, की तळं न्हाई ऱ्हात, चाळणी व्हती. पाणी आलं तरी थांबत न्हाई."

"दुसरं कोणी मारेल फक्की."

"कोण?"

अक्का दारातून सगळं ऐकत होती. तिनं येऊन त्यांच्या मांडीवरचा पासपोर्ट उचलला, पदरानं पुसला आणि कपाटात ठेवून आली. "ऱ्हावा तुमी," ती म्हणाली. "तुमच्या गावाला मी जाऊन येते. तीस वर्षं सवत म्हणून ऐकून घेतलं, एकदा तोंड तरी बघू द्या तिचं." आणि आत गेली. बराच वेळ आतून भांड्यांचा आवाज येत होता, घासून झालेल्या भांड्यांचा. साडूंनी वही माझ्या हातात दिली. "पंचेचाळीस जमायचे न्हाईत तुमाला. येक करा. वरच्या पायरीवर जा आन् पश्चिमेला बघून सांगा. पाणी दिसतंय का."

तर असा मी, ज्याला नायगावच्या पुढच्या बसस्टँडचं वर्णन करायचं तरी पदरचे चार आणे घालावे लागतात, त्या इफेससात जाऊन उभा राहिलो. सहलवाल्यांनी दीड तास दिला होता. अक्कानं झेंडीवाल्या गाईडला एकदाही विचारलं नाही. कारंजं गेलं, ग्रंथालय आलं, ती आपली शेतात भाजी तोडायला निघाल्यासारखी पुढं. संडासापाशी आमच्या गटातली माणसं शोधाशोध करत होती तेव्हा ती न बघता म्हणाली, "डावीकडं. साठ पावलं." आणि खरंच तिथं होता! संगमरवरी बैठकींची रांग, त्यावर एक मांजर झोपलेली. तिथं पोचताना बसमधून मला एक शेत दिसलं होतं, नुकतं उगवलेलं, दोन-दोन पानांचं. ती पानं ओळखायला मला कोणी शिकवायला नको. कापूस! जिथं जहाजं लागायची तिथं कापूस.

मी धापा टाकत नाट्यगृहाच्या वरच्या पायरीवर गेलो आणि साडूंना व्हिडिओ फोन लावला. ते तळ्याच्या पोटात उभे होते, डोक्याला टॉवेल, भुवया फक्कीनं पांढऱ्या, मागं मशीनची धडधड. मी फोन फिरवला. खाली तो रस्ता, सरळ, रुंद, दोन्हीकडं मोडक्या खांबांचा, आणि जिथं तो संपतो तिथं लव्हाळं, त्याच्या पुढं हिरवी सपाट रानं, डोळा जाईल तिथवर रानं.

"रस्ता बरोबर हाय," साडू ओरडले. "पाणी?"

मी डोळ्यांवर हात धरून रानांच्या पार कडेपर्यंत परत एकदा बघितलं. "न्हाई दिसत," मी म्हणालो.

"दोनानं भागू का?"

"नका भागू साडू. खरंच न्हाई."

मागं मशीनचा आवाज वाढला. मग त्यांनी एकदम मान वळवून कोणाला तरी हाक मारली, "ओ ड्रायव्हर! फक्कीच्या खाली एक बोटबी न्हाई जायचं, सांगून ठेवतो!" आणि फोन बंद झाला.

त्या गोष्टीला आता काही वर्षं झाली. दहा दिवस उन्हात तळ्यात उभं राहून साडूंचे गुडघे गेले ते गेलेच. लेक अजून म्हणते, बाबा चला, मी नेते. ते म्हणतात, पायऱ्या हायत, नको. पासपोर्टची मुदत संपली. पण तळं भरलं, थांबलं, आणि पुढच्या मे महिन्यातही त्यात पाणी होतं. आता 'बंदर' म्हटलं तर कोणी हसत नाही. बाया धुण्याला निघाल्या की सरळ म्हणतात, 'बंदरावर जाते.' बैलवाले आबा गेले, पण जाण्याआधी दोन उन्हाळे ते म्हशी घेऊन तिथं यायचे, संगमरवरी रस्त्यानं.

मी उन्हाळ्यात गेलो, की आम्ही दोघं पश्चिमेच्या बांधावर बसतो. साडूंना आता वाकून फक्की मारणं जमत नाही. अक्का मारते, ते काठीनं दाखवतात आणि दोघं पूर्व हद्दीवरून भांडतात. रस्त्याची पांढरी रेघ रानातून उतरत जाते आणि तिचं टोक पाण्यात भिजलेलं असतं. मग साडू न चुकता म्हणतात, "साडू, सांगा बरं एकदा. वरच्या पायरीवरून काय दिसलं?"

पहिल्या साली मी सांगितलं, खूप लांब, रानांच्या पार कडेला, काहीतरी चमकल्यासारखं वाटलं. पुढच्या साली मी तो समुद्र कापसाच्या शेताच्या बांधापर्यंत आणला. मग लव्हाळ्यापर्यंत. यंदा मी सांगितलं, की पाणी थेट रस्त्याच्या शेवटच्या दगडाला लागलं होतं, एक जहाज उभं होतं आणि वरच्या पायरीवर बसून मला त्याच्या दोऱ्यांचा करकर आवाज येत होता.

हा माणूस माझी उंची मांडवात दोन इंचांनी कापणारा. मी भागाकाराची वाट बघत बसलो. साडूंनी काठीच्या टोकानं पाण्याला हात लावल्यासारखं केलं आणि समोर बघत म्हणाले, "हाव. असंल."